कचेरीतला धनेश

बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीचे बोधचिन्ह आपल्यापैकी अनेकांनी पाहिले असेल. 1933 साली, संस्थेच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात तयार झालेल्या या चिन्हावर धनेश आहे. पण हा नुसता कुठलातरी धनेश नव्हे. त्यामागे एक खराखुरा पक्षी आहे. त्याचे नाव विल्यम.

विल्यम महाधनेश जातीचा. काळे-पांढरे अंग, पिवळी मोठी चोच आणि तिच्यावर शिरस्त्राणासारखा उंचवटा. त्याचा जन्म मे 1894 मधला. तीन महिन्यांचा असताना कारवारच्या एच. इंगल यांनी तो सोसायटीला भेट दिला. कारवार तेव्हा मुंबई इलाख्यात होते. पुढची सव्वीस वर्षे, 1920 पर्यंत, हा सह्याद्रीतला पक्षी मुंबईत अपोलो स्ट्रीटवरच्या कचेरीत राहिला. 1908 साली सलीम अली नावाचा मुलगा एका चिमणीची ओळख पटवायला इथेच आला होता.

सोसायटीचे मानद सचिव एच. एम. फिप्सन यांनी विल्यमची माहिती नोंदवून ठेवली आहे. तिसऱ्या वर्षाअखेर त्याची लांबी सव्वाचार फूट भरली. केळी आणि रानटी उंबरांबरोबर तो जिवंत उंदीर, विंचू, कच्चे मांसही आवडीने खाई. पाणी मात्र पीत नसे. तीसेक फुटांवरून फेकलेला टेनिसचा चेंडू तो चोचीत अचूक झेली. पाहणाऱ्यांना गंमत वाटे. पण यात धनेशाची खाण्याची रीतच दिसते. त्याची जीभ आखूड असते, चोचीच्या टोकापर्यंत पोचत नाही. म्हणून तो फळ टोकात पकडतो, हवेत उडवतो आणि घशात झेलतो.

पिंजऱ्याने एवढे शिकवले. काय शिकवले नाही?

जंगलात महाधनेशाची मादी जुन्या, उंच झाडाच्या ढोलीत शिरते आणि स्वतःच्या विष्ठेने तोंड लिंपून घेते. एक फट उरते. तिच्यातून नर तिला, आणि पुढे पिल्लालाही, भरवतो. गिळलेल्या फळांच्या मोठ्या बिया तो ओकून टाकतो, बारीक बिया विष्ठेतून पडतात. पुष्कळदा मूळ झाडापासून खूप दूर. रानजायफळासारख्या मोठ्या बियांच्या झाडांना असा वाहक सहजी मिळत नाही. विल्यमने गिळलेल्या उंबरांच्या बिया मात्र कचेरीच्या केरात जात असणार. पक्षी जगला, पण त्याचे काम थांबले.

आज उलटा धोका आहे. जुनी झाडे तुटली की ढोल्या जातात, ढोल्यांबरोबर धनेश जातो आणि मागे उरलेल्या झाडांच्या बिया त्यांच्याच बुंध्याशी पडून राहतात. आंतरराष्ट्रीय यादीत 2018 पासून महाधनेश ‘असुरक्षित’ गटात आहे.

प्रत्येक शाळेजवळ धनेश नसेल. वड किंवा उंबर बहुधा असेलच. फळे पिकली की विद्यार्थ्यांसह तासभर तिथे बसू या. कोण येते, काय गिळते आणि कोणत्या दिशेला उडते, एवढेच लिहू या. फिप्सन यांच्या नोंदींत जे येऊ शकले नाही, ते आपल्या वहीत येईल.