वाचायची शांतता आपण मिळवली होती

वाचनसंस्कृती लोप पावत चालली आहे, अशी ओरड रविवारच्या पुरवण्यांत वर्षानुवर्षे चालू आहे. त्या ओरडीत एक गृहीत दडलेले असते. पूर्वी घरोघरी आरामखुर्ची होती, दुपारच्या निवांत वेळी हातात कादंबरी होती, आणि टीव्हीने व मोबाईलने ते सुख हिरावून नेले. हा इतिहास काही घरांचा असेल. आपल्या घरांचा नाही. आपल्याला शांतता वारशाने मिळाली नव्हती. ती कशी मिळवली हे माहीत नसेल, तर आज ती कशी जाते आहे हेही कळणार नाही.

परळच्या डबक चाळीतली ती एक खोली आठवा. स्वयंपाक तिथेच, झोपणे तिथेच, सगळे कुटुंब तिथेच. दिवसा गिरणगावाचा गोंगाट. सुभेदार रामजींनी यावर तोड काढली. भीमाला रात्री लवकर झोपवायचे, स्वतः जागत बसायचे आणि दोनच्या सुमारास त्याला उठवायचे. चाळ झोपलेली असताना दिव्याच्या उजेडात तो मुलगा वाचत बसे. शांत वाचनासाठी घरात जागा नव्हती, म्हणून बापाने ती रात्रीतून काढून दिली. त्यासाठी स्वतःची झोप मोडली.

दुसरी जागा चर्नी रोडच्या बागेची. शाळा सुटल्यावर भीमराव तिथे पुस्तक घेऊन बसायचे. शिक्षक आणि लेखक कृष्णाजी अर्जुन केळुसकरही त्या बागेत येत. एकटाच वाचत बसणाऱ्या या विद्यार्थ्याची त्यांनी चौकशी केली आणि ओळख वाढली. १९०७ साली भीमराव मॅट्रिक झाले, तेव्हा सत्काराच्या सभेत केळुसकरांनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्यांना भेट दिले. आपण बुद्धाकडे कसे वळलो हे सांगताना बाबासाहेबांनी पुढे या पुस्तकाचा उल्लेख केला आहे. त्या भेटीपासून १९५६ च्या नागपूरपर्यंत जवळपास पन्नास वर्षे आहेत. एका पुस्तकाला माणसात मुरायला इतका वेळ लागू शकतो, हे साठ सेकंदांचा व्हिडिओही अर्ध्यातच सरकवणाऱ्या आपल्या पिढीने जरा मोजून पाहावे.

इथे कोणी म्हणेल, बाबासाहेब अपवाद होते, समाज कुठे वाचत होता? प्रश्न रास्त आहे. ३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक' निघाले तेव्हा आपल्यातल्या बहुसंख्यांना अक्षरओळख नव्हती. पण अंक वस्तीत यायचा, शिकलेला एखादा पोरगा मोठ्याने वाचायचा आणि बाकीचे ऐकायचे. ते ऐकणे कानावरून जाऊ देण्यासारखे नव्हते. मध्येच थांबवून पुन्हा वाचायला लावणारे, अर्थ विचारणारे, त्यावर भांडणारे श्रोते होते. मी याला वाचनच म्हणतो. लक्ष देणे हा वाचनाचा गाभा आहे, मग डोळे कोणाचे का असेनात.

मनोरंजनाला आपल्या चळवळीने कधी शत्रू मानले नाही, हेही लक्षात घ्या. २० जुलै १९२४ रोजी स्थापन झालेल्या बहिष्कृत हितकारिणी सभेच्या उद्दिष्टांत वसतिगृहांबरोबर वाचनालये आणि अभ्यासवर्ग होते. सभेने मुंबईत मोफत वाचनालय चालवले आणि त्याच सभेने महार हॉकी क्लबही काढला! पोरांनी जुगार आणि दारूपासून लांब राहावे म्हणून. पुढे भीमराव कर्डकांसारख्या शाहिरांचे जलसे गावोगाव गेले. त्यात हसणे होते, ढोलकी होती, बतावणी होती. पण जलसा ऐकून माणूस घरी परतला की पोराला शाळेत घाल, सभेला जा, पेपर कोणाकडे येतो ते विचार, असे काहीतरी काम घेऊन परतायचा. गाणे पुस्तकाच्या दारापर्यंत आणून सोडायचे.

आज नेमकी ही वाट तुटली आहे. १४ एप्रिलला डीजेच्या भिंतींपुढे नाचणारा तरुण नाचतो म्हणून माझी तक्रार नाही. जयंती हा आपला सण आहे आणि आनंदावर आपलाही हक्क आहे. पण जलशाला संपायचे असायचे. रात्र सरली, फड उठला. हातातल्या पडद्याला शेवटच नाही. एक रील संपायच्या आत दुसरी हजर. आपण जितका वेळ पाहत राहू तितक्या जाहिराती दाखवता येतात, यावर त्या कंपन्यांचा धंदा उभा आहे. म्हणजे रामजींनी झोप मोडून मुलासाठी जो वेळ काढला, तोच रात्री दोनचा वेळ आज आपण फुकट देतो आहोत. त्या वेळी जागे तर आपणही असतो.

यात गमावतो काय? १९३६ चा लाहोरचा प्रसंग पाहा. जातपात तोडक मंडळाला अध्यक्षीय भाषणातला मजकूर झेपला नाही आणि परिषद रद्द झाली. मग बाबासाहेबांनी ते न झालेले भाषण स्वतः छापले. इंग्रजीच्या दीड हजार प्रती दोन महिन्यांत संपल्या, तमिळ आणि गुजराती अनुवाद झाले. (आठ आणे किंमत जास्त आहे, दोन आणे ठेवा, फार तर चार, असा सल्ला गांधींनी 'हरिजन'मधून दिला होता!) व्यासपीठ काढून घेता आले, पुस्तक थांबवता आले नाही. भाषणाला सभागृह लागते आणि रीलला कंपनीची मर्जी लागते. छापील पानाला वाचणारा माणूस पुरतो. तो माणूसच उरला नाही तर मात्र बंदी घालायचीही गरज पडत नाही.

ताजे उदाहरण घ्या. १ ऑगस्ट २०२४ रोजी अनुसूचित जातींच्या उपवर्गीकरणावर सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींच्या पीठाचा निकाल आला. ५६५ पाने, सहा वेगवेगळी निकालपत्रे, त्यांतले एक विरोधातले. संध्याकाळपर्यंत माझ्या फोनवर बाजूने आणि विरोधात ढिगाने व्हिडिओ आले होते. महार-मातंग भावंडांनी एकमेकांना नको ते बोलून झाले होते. पुढच्या आठवड्यात वस्तीतल्या बैठकीत मी विचारले, निकालाचे एक तरी पान कोणी वाचले? वीसेक जण होते, त्यात तीन वकिलीचे विद्यार्थी. कोणीच हात वर केला नाही. निकालाबद्दल मते भिन्न असू द्या, माझेही एक मत आहे. पण न वाचता भांडणारा समाज दुसऱ्याने ठरवलेले भांडण भांडतो.

६ डिसेंबरला शिवाजी पार्कवर पुस्तकांचे स्टॉल भरलेले असतात, मग वाचन कमी झाले कसे, असेही मला ऐकवले जाते. खरेदी होते हे खरेच आहे आणि त्याचा अभिमानही आहे. पण घराघरांत मी ते खंड काचेच्या कपाटात पाहतो, फोटोशेजारी, हार घातलेले. अभ्यासिकांत गर्दी असते ती स्पर्धा परीक्षांच्या नोट्सची. ते पोटाचे काम आहे, त्याला नावे ठेवणार नाही. पण 'संविधान सभेचा अध्यक्ष कोण' याचे उत्तर पाठ करणे वेगळे आणि २५ नोव्हेंबर १९४९ चे बाबासाहेबांचे भाषण सलग बसून वाचणे वेगळे.

वर्षावासात आमच्या विहारात रोज संध्याकाळी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' वाचला जातो. ऐकायला बहुतेक आयाबाया असतात, तरुण बाहेर ओट्यावर मोबाईलमध्ये. गेल्या वर्षी ग्रंथवाचनानंतर अर्धा तास मूक वाचनाचा ठेवला. फोन दाराशी टोपलीत, पुस्तक ज्याने त्याने आपल्या आवडीचे. पहिल्या दिवशी एकवीस जण आले, आठवड्याने नऊ, अश्विन पौर्णिमेला सात. त्या सातांतली दोघे बारावीतली आहेत आणि एक आजी, जी प्रौढ साक्षरता वर्गात वाचायला शिकली. ती बोट ठेवून वाचते, एका संध्याकाळी एक पान. यंदा आषाढ पौर्णिमेपासून पुन्हा सुरू करतो आहोत, वेळ साडेसातची.