नाण्यावरचा शास्त्रज्ञ



पुतळ्यांची माळ आपल्याला ठाऊक आहे. पुतळी म्हणजे मुळात नाणंच. इटलीतल्या व्हेनिस शहराचं सोन्याचं नाणं व्यापाऱ्यांच्या हातून आपल्याकडं आलं. त्यावर एक संत आणि त्याच्यापुढं गुडघे टेकलेला तिथला राज्यकर्ता. इकडच्या लोकांना त्या जोडीत राम-सीता दिसली! चित्र कुणाचंही असो, सोनं चोख होतं, म्हणून त्याचा दागिना झाला. आपली हिंगोली १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होती. त्याच्या सोन्याच्या अशरफीवर चारमिनार असे. देव, राजा, इमारत यांना सोन्यावर जागा मिळाली. शास्त्रज्ञाचा नंबर फार उशिरा लागला.

आणि लागला तो एका बाईचाही. मेरी क्युरी १८६७ साली पोलंडच्या वॉर्सा शहरात जन्मली. रेडियमचा शोध तिचा आणि तिच्या नवऱ्याचा. १९०३ आणि १९११ असं दोनदा तिला नोबेल मिळालं. नोबेलचं पदक सोन्याचं असतं. पहिल्या महायुद्धात तिनं आपली पदकं वितळवून देशाच्या कामी लावा म्हणून फ्रान्सच्या बँकेला देऊ केली. बँकेनं ती वितळवायला नकार दिला. मग बक्षिसाच्या पैशातून तिनं युद्धाचे रोखे घेतले. दुसऱ्या नोबेलला शंभर वर्षं झाली तेव्हा, २०११ साली, पोलंडनं तिचं २०० झ्लोटीचं सोन्याचं नाणं काढलं. झ्लोटी म्हणजे तिथला रुपया. त्याच निमित्तानं २ झ्लोटीचंही नाणं निघालं, सोन्यासारखं पिवळं. त्यात सोनं गुंजभरही नाही, बहुतेक तांबंच. पहिलं नाणं संग्रह करणारे पेटीत ठेवतात. दुसऱ्यानं भाजी घेता येत होती. मला दुसरंच जास्त आवडतं.

तसलं नाणं आपल्याकडंही आहे. डॉ. होमी भाभा यांचा जन्म मुंबईतला, ३० ऑक्टोबर १९०९ चा. त्यांच्या जन्मशताब्दीचं दहा रुपयांचं नाणं निघालं, बाहेरून पिवळं कडं आणि मधे पांढरा धातू. सोनं त्यातही नाही. भाभा अणुशास्त्रज्ञ, पण त्यांच्या नावाच्या तुर्भ्याच्या केंद्राचं काम आपल्या शेतापर्यंत आलं आहे. टीएजी-२४ हा भुईमूग पेरलाय ना? त्यातला 'टी' म्हणजे ट्रॉम्बे, आपलं तुर्भे, आणि 'ए' म्हणजे अकोला.

आता गंमत बघा. दहाचं नाणं दुकानदार घेत नाही, "बंद झालंय" म्हणतो. ते बंद झालेलं नाही. रिझर्व्ह बँकेनं जानेवारी २०१८ मध्ये जाहीर केलं, की दहाच्या नाण्याचे चौदाही नमुने चालू आहेत. भाभांचं नाणं त्यातलंच एक. उलट मोबाईलवर कुणी सांगतो, "हे नाणं दुर्मिळ आहे, लाखो रुपये देतो, आधी कमिशन पाठवा." रिझर्व्ह बँकेच्या नावानं असं कमिशन आणि कर मागणारे भामटे आहेत, हे बँकेनं ऑगस्ट २०२१ मध्ये स्वतः सांगितलं. जुन्या नाण्यांच्या व्यवहारात ती पडत नाही आणि कुणाला तसा अधिकारही दिलेला नाही.

तेव्हा भाभांचं नाणं हाती आलं तर त्याची किंमत दहा रुपयेच धरा. गटाच्या हप्त्यात बिनधास्त द्या. रुपया आणि त्यावरची नाणी एका वेळी हजार रुपयांपर्यंत कायद्यानं चालतात.