‘ओढत होते का?’

फुप्फुसाचा कर्करोग झाल्याचे कळले की रुग्णाला बहुधा पहिला प्रश्न विचारला जातो तो सिगारेटचा. इतर कर्करोगांच्या वाट्याला सहानुभूती येते, या कर्करोगाच्या वाट्याला चौकशी. ब्रिटनमध्ये या चौकशीला जाहीर उत्तर मिळू लागले १९९० च्या दशकात, लिव्हरपूलमधून, आणि त्यामागे एका ट्रम्पेटवादकाचा मृत्यू होता.

या कलंकाचे मूळ एका खऱ्या शोधात आहे. १९५० मध्ये रिचर्ड डॉल आणि ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल यांनी लंडनच्या रुग्णालयांतील रुग्णांची पाहणी करून धूम्रपान आणि फुप्फुसाचा कर्करोग यांचा संबंध दाखवून दिला. त्या ज्ञानाने असंख्य जीव वाचले. पण सिगारेट हे कारण जसजसे ठरत गेले, तसतसा ओढणारा माणूस गुन्हेगार ठरत गेला. निकोटिनची सवय बहुतेकांना कोवळ्या वयात लागते आणि कंपन्यांनी जाहिरातींवर पैसा पाण्यासारखा ओतला होता, हे कोणी जमेस धरले नाही. शिवाय रोग केवळ ओढणाऱ्यालाच होत नव्हता: १९८१ मध्ये जपानच्या ताकेशी हिरायामा यांनी धूम्रपान न करणाऱ्या ९१ हजारांवर विवाहित स्त्रियांच्या नोंदी तपासून दाखवले, की नवऱ्याच्या सिगारेटचा धूर बायकोलाही हा रोग देऊ शकतो.

तो ट्रम्पेटवादक म्हणजे रॉय कॅसल, ब्रिटनमधील घराघरांत ओळखीचा चेहरा. ‘रेकॉर्ड ब्रेकर्स’ या मुलांच्या कार्यक्रमाचा तो सूत्रधार होता. त्याने आयुष्यात सिगारेट ओढली नव्हती, तरी १९९२ मध्ये त्याला फुप्फुसाचा कर्करोग झाल्याचे निदान झाले. धुराने कोंदलेल्या क्लबांत वर्षानुवर्षे ट्रम्पेट वाजवल्याचा हा परिणाम, असे त्याचे ठाम मत होते. ट्रम्पेट वाजवायला छाती भरून श्वास घ्यावा लागतो, आणि तिथल्या हवेत दुसऱ्यांचा धूरच होता. लिव्हरपूलमधील छातीचे शल्यविशारद रे डॉनेली यांनी १९९० मध्येच या रोगाच्या संशोधनासाठी निधी उभारायला सुरुवात केली होती. कॅसलने त्या कामाला आपले नाव आणि उरलेले बळ दिले. जुलै १९९४ मध्ये, आजार बळावलेला असताना, तो निधीसाठी आगगाडीने देशभर फिरला. २ सप्टेंबर १९९४ रोजी, बासष्टाव्या वाढदिवसानंतर दोन दिवसांनी, तो गेला. डॉनेली यांच्या संस्थेला पुढे त्याचेच नाव मिळाले.

पत्नी फिओना कॅसल यांनी दुःख घरात कोंडून ठेवले नाही. बंदिस्त सार्वजनिक जागांतून धूर हटवण्याच्या मागणीसाठी त्या वर्षानुवर्षे बोलत राहिल्या. १४ फेब्रुवारी २००६ रोजी ब्रिटिश संसदेच्या कनिष्ठ सभागृहाने ३८४ विरुद्ध १८४ मतांनी पब आणि क्लबांसह संपूर्ण बंदीचा पर्याय स्वीकारला. इंग्लंडमध्ये तो कायदा १ जुलै २००७ रोजी लागू झाला, कॅसलच्या मृत्यूनंतर जवळजवळ तेरा वर्षांनी.

या यशाला एक बोचरी बाजू होती. ‘त्याने कधी ओढली नाही’ या वाक्याने लोकांची मने उघडली, पण त्याच वाक्याने रुग्णांची निर्दोष आणि दोषी अशी वाटणी होण्याची भीती होती. २००४ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये ४५ रुग्णांच्या मुलाखतींवर आधारलेला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. ज्यांनी कधी ओढली नव्हती, त्यांनाही दोषाची बोच जाणवत होती. काहींनी आजार लपवला होता. लाज बाळगणारा माणूस खोकला अंगावर काढतो, डॉक्टरकडे उशिरा जातो, आणि या रोगात उशीर फार महागात पडतो. म्हणून खरी कसोटी होती ती ओढणाऱ्यालाही तितक्याच मायेने जवळ करण्याची.

कॅसलच्या नावाच्या संस्थेने ती वाट धरली. लिव्हरपूलमध्ये तिने ‘फॅग एंड्स’ नावाची सिगारेट सोडवण्याची सेवा चालवली. २०१६ पासून त्याच शहरात फुप्फुसांच्या तपासणीचा मोठा कार्यक्रम सुरू झाला आणि जून २०२३ मध्ये इंग्लंडसाठी राष्ट्रीय तपासणी योजना जाहीर झाली. तिचे बोलावणे जाते ते ५५ ते ७४ वयाच्या, सिगारेट ओढणाऱ्या किंवा पूर्वी ओढलेल्या माणसांना.