कष्टाच्या सायकलीची डोंगरयात्रा

सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेस, गोल्डन गेटचा पूल ओलांडला की मरिन नावाचा जो जिल्हा लागतो, त्यात टॅमलपायस नावाचा सुमारे २,५७० फूट उंचीचा एक डोंगर आहे. सह्याद्रीच्या माणसाला ही उंची मोठीशी वाटणार नाही. परंतु समुद्रालगतच तो एकदम उभा राहत असल्यामुळे त्याचे उतार तीव्र आहेत आणि उन्हाळ्यात त्यावरील माती पिठासारखी भुसभुशीत होते. १९७० नंतरच्या दशकात, याच डोंगराच्या अंगाखांद्यावर, जिला आपल्याकडील तरुण मंडळी माउंटन बाइक म्हणतात ती डोंगरी सायकल उदयास आली, असे तिच्या इतिहासात लिहिले जाते आणि ते यथार्थही आहे. तथापि तिचे कुळ शोधू गेल्यास आपण एखाद्या क्रीडासंस्थेच्या दप्तरापाशी न पोहोचता शिकागोच्या एका कारखान्यात, पहाटे वर्तमानपत्रे टाकीत फिरणाऱ्या पोरांच्या दिनक्रमात आणि वणव्याच्या बंदोबस्तासाठी मजुरांनी खोदलेल्या रस्त्यांवर जाऊन पोहोचतो. या सायकलीचा पिंड मुळात कष्टाचा आहे, आणि क्रीडेचा अलंकार तिच्या अंगावर मागाहून चढला, असे माझे स्पष्ट मत आहे.

इग्नाझ श्विन नावाच्या जर्मन गृहस्थाने १८९५ साली अडॉल्फ आर्नोल्ड यांच्या भागीदारीत शिकागो येथे सायकलींचा कारखाना काढला, तेव्हा अमेरिकेत सायकलीचे वेड शिगेला पोहोचले होते. पण शतक पालटता पालटता ते ओसरले, आणि पुढे मोटारगाडी आल्यावर सायकल प्रौढांच्या हातून सुटून पोरांच्या वाट्यास आली. कारखान्याने मधल्या काळात मोटारसायकलींचाही व्याप केला आणि त्यांतील एका मोटारसायकलीचे नाव एक्सेलसियर असे होते. मात्र १९२९ च्या आर्थिक अरिष्टानंतर तो विभाग १९३१ साली बंद करावा लागला. अशा पडत्या काळात, इग्नाझ यांचे चिरंजीव फ्रँक श्विन यांनी एक निर्णय घेतला, आणि डोंगरी सायकलीच्या इतिहासाचा आरंभ मी त्या निर्णयापासून धरतो. त्याकाळच्या अमेरिकन सायकलींचे टायर रिमला चिकटवलेले असत. त्यांत निराळी ट्यूब नसल्यामुळे पंक्चर काढणे म्हणजे एक दिव्यच होते. फ्रँक श्विन यांनी १९३३ साली, स्वतंत्र ट्यूब असलेला, २६ इंच व्यासाचा आणि दोन इंचांहून थोडा अधिक जाड असा फुगीर टायर बाजारात आणला. फरसबंदी रस्त्यावरून, पायरीवरून, अंगणातील दगडगोट्यांवरून पोराने कशीही दामटली तरी टिकेल अशी सायकल त्यांना हवी होती, कारण ती घेणारे घर गरीब होते आणि ते दुसरी सायकल घेणार नव्हते. मोटारसायकलीचे एक्सेलसियर हे नावही पुढे या सायकलीस मिळाले. हँडलावरून दोन्ही बाजूंस लोंबणाऱ्या कॅनव्हासच्या पिशव्यांत वर्तमानपत्रांच्या गुंडाळ्या भरून, चालत्या सायकलीवरून त्या घरोघरच्या ओसरीवर भिरकावीत जाणारा पोऱ्या हा या सायकलीचा खरा धनी. रुंद हँडल, लांबलचक सांगाडा, मागे झुकलेला चिमटा हे सारे भार घेऊनही तोल न जाण्यासाठी होते, आणि पुढे सुमारे चार दशकांनी तेच उतारावर कामास आले.

रस्त्यांची कथाही अशीच आहे. टॅमलपायसच्या शिखरापर्यंत १८९६ साली एक छोटी रेल्वे सुरू झाली. तिला २८१ वळणे होती, आणि जगातील सर्वांत वाकडी रेल्वे अशी तिची जाहिरात करीत. उतरताना उतारूंना इंजिनाविना, निव्वळ गुरुत्वाकर्षणाच्या बळावर धावणाऱ्या डब्यांत बसवून खाली आणीत, आणि डब्याच्या ब्रेकवर हात ठेवून बसलेला एक माणूस एवढीच काय ती त्यांची हमी असे. १९२९ सालच्या वणव्याने आणि मोटारींच्या स्पर्धेने ही रेल्वे खंगली व १९३० साली बंद पडली. रूळ उखडले गेले आणि तिची पायवाट मागे राहिली. पुढे अध्यक्ष रूझवेल्ट यांच्या कारकीर्दीत बेकार तरुणांना रोजगार देण्यासाठी जे नागरी संवर्धन दल उभारले गेले, त्याच्या तुकड्यांनी या डोंगरावर रस्ते, पायऱ्या आणि दगडी नाट्यगृह बांधले. वणवा लागल्यास पाण्याची गाडी वर जावी म्हणून आखलेले कच्चे रस्ते डोंगरभर पसरले, आणि त्यांवरून वर्षाचे बहुतेक दिवस कोणतेही वाहन जात नसे. उतारावर निर्धोक उतरण्याची जागा याप्रमाणे कष्टकऱ्यांनीच तयार करून ठेवली होती.

मरिनच्या तरुणांआधी सायकल डोंगरात कोणी नेलीच नव्हती असे मात्र कोणी समजू नये. अमेरिकेच्या सैन्यातील २५ व्या पायदळ पलटणीच्या २० कृष्णवर्णीय शिपायांनी, लेफ्टनंट जेम्स मॉस यांच्या हाताखाली, १८९७ साली माँटाना प्रांतातील फोर्ट मिझूलाहून सेंट लुईसपर्यंतचा सुमारे १,९०० मैलांचा प्रवास ४१ दिवसांत सायकलींवरून पुरा केला. चिखल, बर्फ, वाळू सारे तुडवून, पाठीवर बंदूक आणि सायकलीवर तंबूचे सामान घेऊन. त्यांना कोणी स्पर्धक म्हटले नाही, आणि या खेळाच्या इतिहासात त्यांचे नाव पुरेशा आदराने घेतले जात नाही, ही गोष्ट मला बोचते.

आता मरिनकडे वळू. चार्ली केली, गॅरी फिशर, जो ब्रीझ ही मंडळी वस्तुतः रस्त्यावरील शर्यतींच्या पातळ टायरांच्या सायकली चालवणारी. टॅमलपायसचेच नाव घेतलेल्या एका सायकल क्लबात त्यांचा परिचय वाढला. गावात फिरायला म्हणून त्यांनी भंगारवाल्यांच्या ढिगांतून आणि लोकांच्या पडव्यांतून जुन्या एक्सेलसियर सायकली अगदी थोडक्या डॉलरांत उचलल्या, मडगार्ड व टाकीचे पत्रे उतरवले आणि त्यांवर बसून वणव्याच्या रस्त्यांनी उतरू लागले. अंगात जाड जीन्स, पायात कामगारांचे घोट्यापर्यंतचे बूट, हातात लाकूडतोड्यांचे चामडी हातमोजे. घरात जे कष्टाचे वस्त्र होते तेच त्यांचे चिलखत. डोंगरात सायकल नेणाऱ्या नवख्यांना मी आजही हेच सांगेन, की आधी हातमोजे आणि घोटा झाकणारे बूट घ्यावेत, कारण पडताना माणूस प्रथम हात टेकतो, आणि चमकदार पोशाखावाचून कोणाचे अडलेले नाही.

फेअरफॅक्स गावाच्या पश्चिमेस वणव्याचा एक कच्चा रस्ता आहे, तो सुमारे दोन मैलांत १,३०० फूट खाली येतो. या जुन्या सायकलींना मागच्या चाकाच्या हबमध्येच ब्रेक असे. पायडल उलटे दाबले की हबमधील शंकू आटीवरून सरकून ब्रेकचे तुकडे फाकवी आणि ते हबच्या आतील भिंतीस घासत. सपाट गावात ही व्यवस्था उत्तम. पण या उतारावर सवार तळास पोहोचेतो हब इतका तापे, की आतील ग्रीस वितळून धूर होऊन बाहेर पडे आणि हब कोरडा होऊन जाई. मग पुढच्या उतरणीपूर्वी तो खोलून, धुऊन, पुन्हा ग्रीस भरावा लागे, आणि त्यावरूनच रस्त्यास रिपॅक हे नाव पडले. हे काम ज्याने स्वतः केले आहे त्याला त्याची नजाकत ठाऊक असते. चाक उतरवून चिंधीवर आडवे ठेवायचे, लॉकनट सोडवून कोन हलकेच उलट फिरवायचा, छर्रे घरंगळू न देता वाटीत काढायचे, रॉकेलने काळी राख धुऊन काढायची, आणि एकही छर्रा खडबडीत झालेला दिसला तर सगळा संच बदलायचा, कारण एक वाईट छर्रा कोनावर चरा पाडतो आणि चरा पडलेला कोन नव्या छऱ्यांनाही खातो. ग्रीस भरून कोन परत आवळताना खरी कसोटी. तो इतकाच आवळावा की चाक बोटांनी आडवे हलवून पाहता त्यात खेळ जाणवू नये, आणि हवेत मोकळे सोडले असता व्हॉल्व्हच्या भाराने ते आपोआप फिरून व्हॉल्व्ह तळाशी येऊन थांबावे. त्याहून घट्ट झाला तर हब आतून झिजतो आणि त्याचा पत्ता लागेपर्यंत उशीर झालेला असतो. आपल्याकडे सायकलच्या दुकानात चाकाची आऊट काढणारा कारागीर हे सारे न बोलता, निव्वळ कानाने आणि बोटाने करतो. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली बेळगावात सायकलीचे दुकान काढले आणि पुढे लोखंडी नांगराचा कारखाना उभारला; डेटन येथील राईट बंधूही विमानापूर्वी सायकलींचेच दुकान चालवीत; सायकलीची दुरुस्ती ही यंत्रविद्येची किती समर्थ शाळा आहे, याला याहून निराळा पुरावा नको.

याच रस्त्यावर २१ ऑक्टोबर १९७६ रोजी पहिली शर्यत झाली. उतरणीत जो पडला नाही त्या ॲलन बाँड्सने ती जिंकली. केलीने शर्यतींची सूत्रे हाती घेतली; त्याची नोंदवही, माथ्यावर एक व तळाशी एक अशी जुळवलेली दोन घड्याळे आणि स्वारांना थोड्याथोड्या अंतराने सोडण्याचा शिरस्ता, एवढेच त्या संस्थेचे दप्तर. घड्याळांपैकी एक नौदलाचे जुने वेळयंत्र व दुसरे घरातील गजराचे घड्याळ होते. फिशरची ४ मिनिटे २२ सेकंद आणि ब्रीझची ४ मिनिटे २४ सेकंद या नोंदी सर्वांत कमी वेळेच्या ठरल्या. त्याच वर्षी कोलोरॅडोतील क्रेस्टेड ब्यूट या खेड्यात, जेथील कोळशाची मोठी खाण १९५२ साली बंद पडली होती आणि कच्च्या रस्त्यांमुळे जुनाट सायकलीच लोकांच्या उपयोगी पडत होत्या, तेथील मंडळींनी १२,७०० फुटांवरील पर्ल खिंड ओलांडून ॲस्पेन गाठले. १९७८ साली मरिनची मंडळी त्यांना जाऊन मिळाली. त्यांत वेंडी क्रॅग ही महिला होती, आणि त्या काळाची जी छायाचित्रे आज आपल्यापुढे आहेत त्यांतील पुष्कळशी तिनेच टिपलेली आहेत.

जुने सांगाडे मात्र पुरे पडेनात. पन्नास पौंडांच्या आसपास भार, आणि तडा गेला की जोडकाम करूनही भरवसा नाही. फिशरने आपल्या सायकलीस ड्रम ब्रेक, मोटारसायकलीच्या मुठी आणि चढावर जाण्याजोगे गिअर बसवले, आणि उतरणारी सायकल चढूही लागली. ज्याचे वडील यंत्रशाळा चालवीत त्या ब्रीझने १९७७ साली क्रोम-मॉलिब्डेनमच्या नळ्यांचा नवा सांगाडा बांधला. त्याचे कोन व अंतरे त्याने एक्सेलसियरवरूनच घेतली होती. पोऱ्याच्या सायकलीचा घाट असा नव्या धातूत उतरला. १९७९ पासून टॉम रिची या तरुण कारागिराचे सांगाडे घेऊन केली व फिशर यांनी विक्रीचा उद्योग मांडला. त्यांवर फ्रेंच कँटिलिव्हर ब्रेक, इटालियन मोटारसायकलींच्या मुठी आणि जपानी गिअर असे तीन देशांचे जिन्नस एकत्र आलेले असत. १९८१ साली स्पेशलाइज्ड कंपनीने जपानमध्ये तयार करवून घेतलेली स्टंपजंपर ही सायकल ७५० डॉलरांस बाजारात आणली, आणि कारागिराची वस्तू कारखान्याची झाली. ज्या शिकागोच्या घराण्याने तिला मूळ घाट दिला होता त्याने या नव्या लाटेकडे वेळीच पुरेसे लक्ष दिले नाही, आणि १९९२ साली त्यास दिवाळखोरीचा अर्ज करावा लागला. १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये डोंगरी सायकलीची शर्यत समाविष्ट झाली.

दरम्यान टॅमलपायसवर तंटा उभा राहिला. पायी हिंडणारे आणि घोडेस्वार यांची वहिवाट जुनी; अरुंद पायवाटांवर वळणामागून अचानक सायकली येऊ लागल्यावर त्यांच्या तक्रारी वाढल्या, आणि डोंगराचा मोठा भाग ज्याच्या ताब्यात आहे त्या पाणीपुरवठा जिल्ह्याने सायकलींना अरुंद वाटांवर मज्जाव करून रुंद रस्त्यांवर ताशी १५ मैल आणि आंधळ्या वळणांवर ५ मैल अशी मर्यादा घातली. सायकलस्वारांना हा अन्याय वाटला. मला मात्र ५ मैलांचा हुकूम सर्वस्वी शहाणपणाचा वाटतो, कारण सह्याद्रीतील घाटवाटेवरही वळणापलीकडे डोक्यावर गवताचा भारा घेतलेली बाई असू शकते, आणि वाट प्रथम तिची आहे.

जो ब्रीझने पुढे जे केले त्याविषयी मला विशेष आस्था आहे. शर्यतीच्या सायकलींवर नाव मिळवलेल्या या माणसाने २००० नंतरच्या वर्षांत आपल्या कारखान्याचा रोख बदलला, आणि नोकरीवर जाणारे लोक, मंडईतून भाजी आणणारी बाई, शाळेत जाणारे मूल यांच्यासाठी सायकली बनवण्यास आरंभ केला. त्या सायकलींना दोन्ही चाकांवर मडगार्ड, मागे सामानाचे कॅरिअर, साखळीवर आच्छादन, घंटा आणि चाकाच्या फिरण्यावर पेटणारे दिवे असत, आणि हे सारे दुकानातूनच बसवून मिळे.