जात्यावरचं कंट्री म्युझिक

परवा शनिवारी रात्री रिलीज होती. रिलीज म्हणजे आम्हा आयटीवाल्यांचं जागरण-गोंधळच, फक्त देवीच्या जागी सर्व्हर. बिल्ड चालू करायचं आणि स्क्रीनकडे बघत बसायचं. शेजारच्या डेस्कवरचा मित्र दोन वर्षं टेनेसीत ऑनसाइट राहून आलाय, आणि तेव्हापासून त्याला कंट्री म्युझिकचं जाम वेड लागलंय. "हे ऐक" म्हणून त्याने हेडफोन माझ्या कानाला लावला.

किटी वेल्स नावाची बाई गात होती. १९५२ चं गाणं. त्या वर्षी हँक थॉम्प्सनचं एक गाणं तिकडे तुफान गाजत होतं. संसार सोडून बारच्या झगमगाटात रमलेल्या बाईबद्दल त्यात रडगाणं होतं, आणि दोष अर्थातच बाईचा. किटीने त्याच वळणाच्या चालीवर उत्तर दिलं: लग्न झालेले पुरुष सडाफटिंग असल्यासारखे वागतात, त्याचं काय? एका रेडिओ नेटवर्कने गाणं वाजवायचं नाकारलं. तरी बिलबोर्डच्या कंट्री यादीत ते पहिल्या नंबरला गेलं. एकट्या बाईचं गाणं तिथे पोचायची ही पहिलीच वेळ. गंमत म्हणजे ते लिहिलं होतं एका पुरुषाने, आणि किटीने गायलं ते रेकॉर्डिंगचे सव्वाशे डॉलर मिळतात म्हणून. मग लोरेटा लिन लावली. केंटकीतल्या खाणकामगाराची पोर, पंधराव्या वर्षी लग्न, विशीपर्यंत चार मुलं. तिने १९७५ मध्ये चक्क गर्भनिरोधक गोळीवर गाणं काढलं, तेव्हा कित्येक स्टेशनांनी ते वाजवलंच नाही.

"तुमच्या बीडकडे आहे का रे असं काही? खेड्यातल्या बायांची गाणी?" मित्राने विचारलं.

मी बिनधास्त "नाही" म्हणून मोकळा झालो. पहाटे पाचला बाइकवरून घरी जाताना एका गिरणीचं शटर वर होताना दिसलं आणि माझी मलाच लाज वाटली.

माझी आजी केज तालुक्यातली. तिचं जातं आता अंगणात पालथं पडलंय, त्यावर बसून आजोबा पायताण घालतात. चालू जातं मी पाहिलंय ते फक्त लग्नात, हळद दळताना. पाच सवाशिणी खुंट्याला हात लावणार, दोन-चार ओव्या म्हणणार, तेवढ्यात फोटोग्राफर ओरडणार, "काकू, परत एकदा फिरवा!" पण आजीच्या तरुणपणी हे रोजचं काम होतं. कोंबडं आरवायच्या आधी उठायचं, पायलीभर जवारी घ्यायची, समोर जाऊबाई, खुंट्यावर दोघींचे हात. एकीने ओळ उचलायची, दुसरीने झेलायची. मधे घास टाकायचा. घरात सुनेला तोंड उघडायची चोरी होती, पण जात्याच्या घरघरीत काय म्हटलं यावर सासूही हरकत घेऊ शकत नसे, कारण ते "गाणं" होतं. माहेर, भाऊ, लेकरू, पंढरी, सीतेचा वनवास आणि मधेच हळूच नवऱ्याला एक चिमटा.

आता इतिहासाकडे. इथे मी स्वतः चाट पडलो, म्हणून हा लेख.

कल्याणीचा, म्हणजे आजच्या कर्नाटकातल्या बसवकल्याणचा, चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर. त्याने ११२९ च्या सुमारास 'मानसोल्लास' नावाचा संस्कृत ग्रंथ सिद्ध केला. हत्ती, स्वयंपाक, औषधं, संगीत, सगळं एका ठिकाणी. त्या काळचा विकिपीडियाच म्हणा ना. त्यात संगीताच्या भागात एक साधी नोंद आहे, की महाराष्ट्रात बाया कांडताना ओवी गातात. बस, एवढंच. पण तारीख बघा. 'विवेकसिंधु'चा काळ शके १११०, म्हणजे ११८८ मानतात, आणि ज्ञानेश्वरी १२९० ची. म्हणजे मराठीतले हे थोर ग्रंथ ओवीत लिहिले जाण्याआधीच बायांची ओवी एका राजाच्या कानावर पोचण्याइतकी रुळलेली होती.

आणि 'विवेकसिंधु'चे मुकुंदराज कुठले? त्यांच्या स्थळ-काळावर अभ्यासकांचे वाद आहेत, पण समाधी आमच्या अंबाजोगाईत आहे. शाळेची सहल तिथे गेली होती. गुरुजींनी "मराठीचे आद्यकवी" एवढं पाठ करून घेतलं. त्या आद्यकवीने छंद कुठून उचलला, हे काही कोणी सांगितलं नाही. छंदाचे जाणकार सांगतात की ग्रंथातली ओवी बायांच्या गायच्या ओवीतूनच आली. तीन चरणांना यमक आणि चौथा आखूड, हे तिचं पोथीतलं रूप. गाताना मात्र बाई ती हवी तशी लांबवते, मधे "गं बाई" घालते, अर्धी ओळ परत घेते, कारण दगडाचा फेरा पुरा व्हायला हवा असतो.

म्हणजे प्रभावी गाण्यांची यादी करायची तर ही घ्या. इतर गाणी चार्टवर चढली, हिच्यावर अख्खं मराठी वाङ्मय चढलं. आणि नाव? एकीचंही नाही.

खरं तर अपवाद आहे. गोदाकाठच्या गंगाखेडची जनाबाई. आमच्या शेजारच्या परभणी जिल्ह्यातली, नामदेवांच्या घरची दासी. तिच्याबरोबर विठ्ठल दळायला बसतो, ही गोष्ट मराठी माणसाला लहानपणापासून ठाऊक असते. आपण त्यात भक्ती बघतो. मला आता त्यात एक दमलेली बाईही दिसते, जिला पहाटे समोर बसून खुंटा धरणारं दुसरं कुणी नव्हतं.

बाकीच्यांची नावं का नाहीत, याचं एक उत्तर आजीने न विचारता दिलं होतं. ओवीत भावाचं नाव येतं तिथे जिने तिने आपल्या भावाचं घालायचं. गाव, नदी, लेकाचं नाव, सगळं बदलायचं. आमच्या भाषेत सांगायचं तर पक्कं ओपन सोर्स, फक्त कमिट हिस्टरी ठेवलेली नाही. कमळाबाई देशपांड्यांनी स्त्रीगीतांवरच्या आपल्या पुस्तकाला 'अपौरुषेय वाङ्मय' असं नाव दिलंय. वेदांना लावायचा शब्द त्यांनी जात्याला लावला. पुरुषाने न केलेलं! हे शीर्षक वाचून मी एकटाच हसलो. साने गुरुजींनीही 'स्त्री जीवन'मध्ये ढीगभर ओव्या गोळा करून ठेवल्यात.

मग वीज आली, गिरणी आली. आजी म्हणते, गिरणी आली त्या दिवशी तिने नारळ फोडला. आपण शहरात बसून "लोकसंगीत लोपलं हो" म्हणून हळहळतो, पण ते दळण ज्यांच्या खांद्यावर होतं त्यांना विचारा.

अमेरिकेत १९२७ साली एक रेकॉर्डवाला ब्रिस्टल गावी मशीन घेऊन पोचला आणि डोंगराळ खेड्यातल्या सारा आणि मेबेल कार्टर साऱ्या देशाला ऐकू आल्या. आमच्याकडे मशीन पोचलं, पण उशिरा. पुण्याच्या हेमा राईरकर आणि मूळचे फ्रान्सचे गी पॉइतवाँ यांनी १९८० च्या दशकात खेड्यापाड्यांतून ओव्या टिपायला सुरुवात केली. हजारावर गावं, एक लाखाहून जास्त ओव्या. नव्वदच्या दशकात त्यांना येऊन मिळाला बर्नार्ड बेल. हा गडी इंजिनिअर! तबल्याच्या बोलांचं व्याकरण कॉम्प्युटरवर मांडणारा 'बोल प्रोसेसर' हा प्रोग्राम त्याने आधी लिहिला होता. त्याने ओव्यांचा डेटाबेस बांधला आणि शंभरहून जास्त तासांचं ध्वनिमुद्रण जमवलं. आम्ही दिवसभर डेटाबेसच बांधतो, पण ही असली नोकरी कुठल्या पोर्टलवर दिसत नाही बुवा. २०१७ पासून हा खजिना 'पारी' या ग्रामीण भारताच्या संग्रहात टप्प्याटप्प्याने येऊ लागला. गाणाऱ्या बाईचं नाव, गाव आणि आवाज, सगळं एकत्र.

त्यात बीड जिल्हा शोधला आणि माजलगाव सापडलं. भीमनगर वस्ती, १९९६. राधाबाई बोऱ्हाडे, वाल्हाबाई टाकणखार आणि त्यांच्या सोबतिणी. ओव्या जात्याच्याच, पण पंढरीच्या जागी बाबासाहेब आहेत, बुद्ध आहे, रमाई आहे. पहिली ओवी अमक्याला, दुसरी तमक्याला, हा जुना साचा तसाच ठेवून आतला देव बदललाय. विद्यापीठाचं नामांतर होऊन तेव्हा जेमतेम दोन वर्षं झाली होती. त्यापायी मराठवाड्यात किती घरं जळली, हे आमच्या पिढीने ऐकलंय फक्त. किटी वेल्सने एका गाण्याला उत्तर दिलं. या बायांनी शेकडो वर्षांच्या चालीतच उत्तर बसवलं.

गेल्या महिन्यात गावी गेलो तेव्हा मोबाइलवर ते रेकॉर्डिंग आजीला ऐकवलं. खरं सांगायचं तर मनात धाकधूक होती. आजी माळकरी, आणि आमच्या गावात त्या वस्तीतलं जातं आणि आमचं जातं कधी एका ओसरीला आलेलं नाही. पाण्याचंही तसंच होतं, हे तीच सांगते, खाली मान घालून. पहिली ओवी झाली, दुसरी झाली. आजी काहीच बोलेना. मग म्हणाली, "चाल आमचीच हाय की रं."

"तुमचीच कशी? त्यांची पण."

"तेच म्हनते मी." थोडा वेळ गप्प. "त्या बाया पहाटं दळायच्या तवा आम्हाला आवाज यायचा. आमचा बी जात आसंल तिकडं."

मग तिने विचारलं, ही गाणारी कुठली. म्हटलं, माजलगावची. तर आजीने फोन कानाजवळ ओढला आणि उजवी मूठ हवेतच गोल फिरवायला लागली. तिसऱ्या फेऱ्याला तिने स्वतःची ओळ घातली, तिच्या थोरल्या भावाच्या नावाची. तो जाऊन वीस वर्षं झाली. पुढची ओळ आठवेना, म्हणून मला म्हणाली, "आंगणातलं जातं सुलटं करतो का जरा?"

मी आणि चुलतभावाने ते उलथवलं. खुंटा कुजलेला होता. सुताराकडे टाकलाय.