पावती जपून ठेवावी

रोमन साम्राज्याशी माझा वैयक्तिक असा काही संबंध नाही. मी कॉमर्सचा पदवीधर. आमच्या अभ्यासक्रमात सम्राट नव्हते, घसारा होता. सीझरला कुणी मारले हे मला ठाऊक आहे ते नाटकामुळे, आणि रोम जळत असताना नीरो फिडल वाजवत होता हे ठाऊक आहे ते म्हणीमुळे. फिडल त्या काळी अजून जन्माला यायची होती. पण म्हणींचे ऑडिट होत नाही.

तरीसुद्धा त्या इतिहासातल्या एका गृहस्थाशी माझे फार जमते. तो सम्राट नव्हे की सेनापती नव्हे. नाव ल्यूशियस सेसिलियस जुकुंडस, मुक्काम पॉम्पेई, धंदा पेढी आणि लिलाव. म्हणजे आमच्याच ज्ञातीतला!

इटलीतले हे पॉम्पेई इसवी सन ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या राखेखाली गाडले गेले, हे आपण जाणताच. १८७५ च्या जुलै महिन्यात तिथे खणणाऱ्यांना जुकुंडसच्या घरात, वरच्या मजल्यावर एक लाकडी पेटी सापडली. गाडलेल्या गावातली सावकाराची पेटी म्हटल्यावर बघ्यांची छाती धडधडलीच असेल. पेटी उघडली. आत काय? पावत्या! दीडशेच्या वर जुन्या पावत्या! वरच्या मजल्यावर जुने रेकॉर्ड ठेवायची पद्धत इतकी प्राचीन असेल असे आमच्या बँकेतल्या कुणालाही वाटणार नाही.

या पावत्या म्हणजे लाकडाच्या पातळ फळ्या. साधारण तीन फळ्यांची एक वही. आतल्या बाजूला मेणाचा थर द्यायचा, त्यावर टोकदार लेखणीने मजकूर कोरायचा, वही मिटून दोरीने बांधायची आणि दोरीवर साक्षीदारांनी मोहोरा उठवायच्या. मग बाहेरच्या बाजूला तोच व्यवहार पुन्हा लिहायचा. रोज पाहायला बाहेरची प्रत. भांडण झाले तर मोहोरा फोडून आतली. एवढे करूनही बनावट कागदपत्रे होतच असावीत, कारण नीरोच्या काळात नियम निघाला की फळ्यांना भोके पाडून त्यातून दोरी तीनदा ओवावी. नीरोबद्दल लोक काही म्हणोत, हे परिपत्रक मात्र अनुभवी माणसाचे आहे.

जुकुंडसशेठ लिलावाचे पैसे विकणाऱ्याला चुकते करीत, आपली दलाली कापून, आणि पावती लिहून घेत. पेटीतली सर्वात जुनी पावती इसवी सन १५ ची, शेठजींच्या आधीच्या कुणा सेसिलियस फेलिक्सच्या वेळची. एका खेचराच्या विक्रीची. किंमत ५२० सेस्टर्स. तेव्हा गादीवर तिबेरियस होता. तो चांगला की वाईट, यावर इतिहासकार अजून भांडतात. खेचराच्या किमतीबद्दल मात्र वाद नाही.

आता या पावत्या वाचणे काही सोपे नव्हते. लाकडाचा कोळसा झालेला, मेण वितळून गेलेले. पण लिहिणाऱ्यांनी लेखणी अशी दाबून चालवली होती की मेणाखालच्या लाकडावर ओरखडे उठले होते. त्या ओरखड्यांवरून अक्षरे लावायची! (आमच्याकडे कार्बन पेपरची तिसरी प्रत ज्यांनी वाचली आहे त्यांनाच ही विद्या कळेल.) १८७६ मध्ये दे पेत्रा यांनी पहिले वाचन छापले. १८७७ मध्ये मॉमसेन यांनी त्यावर प्रबंध लिहिला. म्हणजे ज्यांना पुढे १९०२ साली साहित्याचे नोबेल मिळाले, तेच हे मॉमसेन. नोबेलच्या तोडीचा माणूस खेचराच्या पावत्या तपासत बसतो, हे वाचल्यापासून मी माझ्या टेबलाकडे जरा आदराने पाहतो. १८९८ मध्ये त्सांगेमायस्टर यांनी सगळ्या पावत्या पुन्हा तपासून छापल्या. म्हणजे कन्करंट ऑडिट झाले, मग स्टॅच्युटरीही झाले.

पुढच्या विद्वानांनी तर साक्षीदारांच्या यादीतूनही ज्ञान काढले. योंगमन नावाच्या संशोधकाने १९८८ मध्ये असे मांडले की, साक्षीदारांची नावे मानाप्रमाणे लावलेली आहेत. आधी प्रतिष्ठित, मग खालचे, शेवटी गुलामगिरीतून सुटलेले. लग्नपत्रिकेतली निमंत्रकांची नावे पाहून घराण्याची अख्खी कुंडली मांडणारी एक तरी आत्याबाई प्रत्येक घरात असते. तिला फक्त लॅटिन येत नाही, इतकेच.

पण मला या पेटीचे कौतुक वाटते ते निराळ्याच कारणासाठी. सम्राटांबद्दल लिहिले गेले ते प्रेमाने, भीतीने नाहीतर रागाने. म्हणून त्यातले खरे किती, हे शोधत बसावे लागते. पावती लिहिली जाते ती केवळ अविश्वासाने. कुणाचा कुणावर भरवसा नाही म्हणून तारीख, रक्कम, नाव, साक्षीदार सगळे चोख. आणि गंमत अशी की, दोन हजार वर्षांनी भरवसा ठेवावा तो याच कागदावर! शिवाय ज्यांचा पुतळा कुणी कधी उभारला नसता, अशी माणसे इथे नावानिशी भेटतात.

एक उदाहरण देतो. जुकुंडसने गावच्या मालकीचा कापड धुण्याचा कारखाना भाड्याने घेतला होता. भाडे १६५२ सेस्टर्स. (शेठजींची थकबाकीही असे. सावकाराची थकबाकी ही फार जुनी परंपरा आहे.) त्याची पावती स्वतःच्या हाताने लिहून देणारा होता गावाच्या मालकीचा एक गुलाम. नाव प्रिव्हाटस. म्हणजे खाजगी! नावाने खाजगी आणि नोकरीने सरकारी. त्याला स्वतःच्या देहाची मालकी नव्हती, पण गावाचा पैसा मिळाल्याचे लिहून देण्याचा अधिकार होता. हे वाचून आधी हसू आले, मग आले नाही.

शेवटची पावती इसवी सन ६२ च्या जानेवारीतली. त्यानंतर लगेच फेब्रुवारीत पॉम्पेईत मोठा भूकंप झाला. म्हणून काही विद्वान म्हणतात, शेठजी त्यात गेले. दुसरे म्हणतात, छे, या नुसत्या बाजूला काढून ठेवलेल्या जुन्या पावत्या; चालू वर्षाच्या दुसरीकडे असतील. माझे मत दुसऱ्या पक्षाला. चालू वर्षाचे व्हाऊचर माळ्यावर टाकणारा माणूस पेढी चालवूच शकत नाही.

हल्ली एटीएम यंत्र विचारते, पावती हवी का? आपण 'नको' दाबतो आणि चालू लागतो. मला अशा वेळी उंब्रिशिया जानुआरियाबाई आठवतात. इसवी सन ५६ च्या डिसेंबरात त्यांचा काही माल लिलावात गेला. काय माल, ते पावती सांगत नाही. बाईंच्या वतीने बाहेरची प्रत एका पुरुषाने लिहिली, साक्षीदारही सगळे पुरुष. बाई दिसायला कशा होत्या, पैशाची कशाला नड होती, पुढे सुखी झाल्या की नाही, काही कळत नाही. पण त्यांना ११,०३९ सेस्टर्स मिळाले, पुरते मिळाले, हे आज कुणीही छातीठोकपणे सांगू शकतो. अर्थात दलाली वजा जाता.