दुर्बिणीच्या ऑपरेशनमध्ये टेबल तिरके का करतात? ‘स्ट्रेस हार्मोन्स’शी त्याचा काय संबंध?

पित्ताशयातले खडे, अपेंडिक्स, गर्भाशयातल्या गाठी अशा अनेक शस्त्रक्रिया आता दुर्बिणीतून होतात. पोटावर मोठा छेद न घेता तीन-चार लहान छिद्रांतून काम होते आणि रुग्ण लवकर घरी जातो. पण भूल दिल्यानंतर रुग्णाला टेबलासकट तिरके केले जाते, हे अनेकांना माहीत नसते.

टेबल तिरके का?

आतले नीट दिसावे म्हणून पोटात कार्बन डायऑक्साइड वायू भरतात. त्याचा दाब साधारण १२ ते १५ मिलिमीटर पारा इतका असतो. तरीही आतडी मध्ये येतात. टेबल तिरके केले की ती आपोआप बाजूला सरकतात. पित्ताशयासाठी डोक्याची बाजू वर करतात, तर गर्भाशय किंवा प्रोस्टेटसाठी डोके खाली आणि पाय वर. या दुसऱ्या स्थितीला जर्मन सर्जन फ्रीडरिश ट्रेंडेलेनबुर्ग (१८४४-१९२४) यांचे नाव मिळाले आहे.

शरीराला हे कसे कळते?

रुग्ण बेशुद्ध असला तरी शरीर जागे असते. हृदयात आणि मोठ्या रक्तवाहिन्यांत ताण मोजणारे संवेदक असतात. निरोगी माणूस झोपेतून उठून उभा राहिला, तरी काही मिनिटांत त्याच्या रक्तातले नॉरअ‍ॅड्रेनालिन साधारण दुप्पट होते. रक्तदाब टिकवण्याची ही नैसर्गिक सोय आहे.

डोके वर असताना: रक्त पायांकडे साचते. त्यात पोटातल्या वायूचा दाब शिरांवर पडतो आणि हृदयाकडे कमी रक्त परतते. शरीराला वाटते, रक्त कमी पडले. मग नॉरअ‍ॅड्रेनालिन, रेनिन आणि व्हॅसोप्रेसिन वाढते, रक्तवाहिन्या आकसतात आणि हृदयाला जास्त जोर लावावा लागतो.

डोके खाली असताना: रक्त छातीकडे येते, त्यामुळे ‘रक्त कमी आहे’ हा इशारा सौम्य होतो. मात्र फुप्फुसांवर दाब येतो, डोळ्यांतला आणि मेंदूभोवतीचा दाब वाढतो.

फक्त टेबलामुळेच?

नाही. पोटातला दाब, रक्तात शोषला जाणारा वायू, शस्त्रक्रियेची इजा, भुलेची खोली हे सगळे त्यात असते. कॉर्टिसोल तर एरवीही सकाळी जास्त आणि रात्री कमी असते. ‘छिद्र लहान म्हणजे ताण कमी’ हा समजही अर्धाच खरा आहे. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत ऊतींची इजा आणि सूज कमी होते, पण कॉर्टिसोलसारखी हार्मोन्स बऱ्याचदा उघड्या शस्त्रक्रियेइतकीच वाढतात.

डॉक्टर काय करतात?

टेबल हळूहळू तिरके करतात, वायूचा दाब गरजेपुरताच ठेवतात, सलाइन देतात, पायांना दाब देणारे मोजे घालतात. काही रुग्णांना क्लोनिडिन किंवा डेक्समेडेटोमिडिनसारखी औषधे देतात. निरोगी माणूस हे बदल सहज सोसतो. हृदयविकार असलेल्यांना आणि वृद्धांना मात्र ते जड जाऊ शकतात.

रुग्णाने काय सांगावे?

हृदयविकार, रक्तदाब, दमा, काचबिंदू किंवा पूर्वीचा पक्षाघात असेल तर भूलतज्ज्ञांना आधीच सांगा. चालू औषधे स्वतःच्या मनाने बंद करू नका. कोणती घ्यायची आणि कोणती थांबवायची, हे त्यांनाच विचारा. टेबल किती आणि किती वेळ तिरके ठेवायचे, हे ठरवताना ही माहिती उपयोगी पडते.